हात कोणाचा

माझ्या डाव्या दंडावर देवीच्या लशीचे दोन गोल व्रण आहेत. तुमच्या वयाच्या सगळ्यांच्याच दंडावर ते असतात, त्यात मिरवण्यासारखं काय, असं माझी सून म्हणते. म्हणू दे बापडी. मी मिरवते.

भोपाळला कारखान्याच्या टाउनशिपमध्ये आमचं क्वार्टर होतं. बाबा नागपूरकडचे, कारखान्यात फिटर आणि एक नंबरचे हट्टी. तिथं सगळंच कारखान्याचं. उठायचं भोंग्यावर, जेवायचं भोंग्यावर. दाराचा रंगसुद्धा आपल्या मर्जीचा नाही, क्वार्टरांच्या अख्ख्या लाइनीला एकच हिरवा. बाबांनी एकदा हौसेनं निळा लावला, तर कारखान्याची माणसं येऊन पुन्हा हिरवा फासून गेली. त्यामुळे, देवी काढल्याशिवाय, म्हणजे लस टोचल्याशिवाय, मुलीला पहिलीत घेणार नाही, असं शाळेनं सांगितलं तेव्हा बाबांचं डोकंच फिरलं.

"क्वार्टर त्यांचं, दिवा त्यांचा, दार त्यांचं," ते आईला म्हणाले. "पोरीचा हात तरी माझा राहू द्या."

लशीशी त्यांचं भांडण नव्हतं, हे आईला पक्कं ठाऊक होतं. लहानपणी त्यांच्या गावात देवी काढणारा आला, तेव्हा बाबा ज्वारीच्या कणगीमागं लपले होते. दोघांनी त्यांना ओढून काढलं, चावडीसमोर मातीत दाबून धरलं आणि लस टोचली. बघायला जमलेला गाव खो खो हसला. टोचल्याचं दुखणं बाबा विसरले, ते हसणं नाही विसरले. आणि आमच्या शाळेतही तीच रीत होती. शिपाई मुलाला मागून कवटाळून धरायचा आणि दवाखान्यातला माणूस टोचायचा.

आई स्वतः चौथी शिकलेली. पुढं शिकायचं राहून गेलं, ते तिच्या मनातून कधी गेलं नाही. मी शाळेत जाणार म्हणजे जाणार, असं तिनं माझ्या जन्माच्या दिवशीच ठरवलं असावं. दोन दिवस तिनं बाबांना समजावून पाहिलं. वर्गात चाळीस पोरं मांडीला मांडी लावून बसतात, एकाला देवी आल्या तर सगळ्यांना येतील, रोग काही दाराचा रंग बघून येत नाही. बाबांचं एकच पालुपद, जबरदस्ती चालणार नाही. शेवटी तिसऱ्या दिवशी सकाळी तिनं हातातली भाजी खाली ठेवली.

"अहो, हिचे कान टोचले तेव्हा कोणी विचारलं होतं हिला? रडून रडून निळी पडली होती. तेव्हा धरलं कोणी होतं? तुम्हीच ना?" मग आवाज खाली आणून म्हणाली, "हात शाळेचा नाही, हे कबूल. पण तुमचाही नाही. तिचा आहे."

सोनारानंच कान टोचावेत म्हणतात. आमच्या घरी ते काम आईकडे होतं. बाबा चहा न घेता ड्यूटीवर गेले. बाबा आणि चहाशिवाय! मी घाबरूनच गेले.

लस टोचायच्या दिवशी मात्र ते सुट्टी काढून माझ्यासोबत शाळेत आले. व्हरांड्यात रांग लागली होती, पुढं रडारड चालली होती. बाबा थेट बडी बहनजींकडे गेले. मुख्याध्यापिकेला तिथं सगळे तसंच म्हणायचे. बाबांनी बहनजींना सांगितलं की, नियम चांगला आहे, मला मान्य आहे, पण माझ्या मुलीला कोणी धरायचं नाही, मी तिला विचारणार. बहनजींनी कपाळाला हात लावला. सहा वर्षांच्या पोरीला काय विचारायचं, आणि ती नाही म्हणाली तर? तर घरी नेईन, बाबा म्हणाले, आणि उद्या पुन्हा विचारीन.

मग ते माझ्यासमोर उकिडवे बसले. लस का घ्यायची, ते सांगितलं. ती दुखते आणि नंतर ताप येतो, हेही सांगितलं. दुसरं कोणी असतं तर मुंगी चावल्यासारखं होईल म्हणालं असतं. आमच्या बाबांनी तसं सांगितलं नाही.

"देतेस का हात?"

मला मेलीला पळून जावंसं वाटत होतं. पण मी बाही वर सरकवली आणि हात पुढं केला. शिपाई बाजूला उभा राहिला. दवाखान्यातल्या माणसानं दंडावर हत्यार टेकवून फिरवलं, डोळ्यांत टचकन पाणी आलं, पण हात जागचा हलला नाही. माझ्या मागचा मुलगा म्हणाला, मलाही धरू नका. बहनजींनी शिपायाला खूण केली. त्यानं त्या मुलालाही धरलं नाही.

शाळेनं मुलांच्या लशीचा नियम करावा, या मताची मी आजही आहे, आणि त्यावरून सुनेच्या मैत्रिणींशी कचाकचा भांडतेसुद्धा. पण मुलाला विचारायला काय जातं? दोन मिनिटं जातात.

परत येताना मी बाबांच्या सायकलच्या दांडीवर बसले होते. वाटेत त्यांनी विचारलं, "दुखलं का ग?"

"हो."

"मग हात मागं का नाही घेतलास?"

"तुम्ही विचारलंत ना, म्हणून."

बाबा सायकलवरून उतरले. तिथून घरापर्यंत त्यांनी मला बसवून सायकल हातानं ढकलत आणली, आणि लाइनीत जो भेटेल त्याला थांबवून सांगत राहिले, "हमारी बिटिया को किसी ने पकड़ा नहीं."