आकृतीसरांची सही

आकृतीसरांसमोर पोट दुखतंय म्हणायची सोय नव्हती. "कुठं? वर का खाली?" असं विचारत ते समोरच्या कागदावर जठर काढायचे आणि पेन्सिल आपल्या हातात द्यायचे, "दाखवा." लातूरच्या आमच्या कोचिंग क्लासच्या नोट्समधली हृदयं, मूत्रपिंडं, बेडूक, सगळं त्यांच्या हातचं. मी शेजारच्या टेबलावर टायपिंग करायची. आता नोट्समध्ये संगणकाच्या आकृत्या असतात आणि सर लोह्याला, आपल्या गावी परत गेलेत.

एवढं काढलं, पण नाव कुठंच नाही. सही दिसली की क्लासचे मालक खोडायला लावत. "मॅडम, देवानं तरी किडनीवर कुठं सही केली?" असं म्हणून सर हसायचे. हसायचे खरे, पण त्यांना लागायचं.

सर क्लासमध्ये असतानाच एका वर्षी, ऐन दिवाळीच्या तोंडावर नांदेडहून माझ्या मावसभावाचा फोन आला. तो दिवाळी अंक काढतो. त्याच्या चित्रकारानं आयत्या वेळी टांग दिली होती आणि एका कथेचं चित्र संध्याकाळपर्यंत हवं होतं. मी सरांना पुढं केलं. त्यांनी एकच विचारलं, "नाव येतं का?"

"चित्रातच सही करा, ती छापून येते," भाऊ म्हणाला.

सरांचा चेहरा असा खुलला म्हणता! "आईला दाखवतो. तिला वाचता येत न्हाई, पण नावावर बोट ठेवून सांगतो. लई दिवसांची विचारून राहिली, तू करतो तरी काय म्हणून."

कथा होती स्टँडवर लेकाची वाट बघणाऱ्या बाईची. सर जेवले नाहीत. पहिल्या कागदावर बाईच्या मानेवर सगळे स्नायू उमटले. "सर, ही नोट्समध्ये जाईल," मी म्हटलं. त्यांनी कागद टरकावला. दुसऱ्या कागदावर मात्र बाई जिवंत झाली. धावतपळत फोटो काढून पाठवला.

अंक आला. चित्र झकास आणि सही नाही! सरांनी केलीच नव्हती. हाताला सवयच नव्हती ना. मला असा संताप आला! "अहो सर, एवढी एक गोष्ट करायची होती!"

"आता आईला काय दाखवू?" म्हणत ते कपाळाला हात लावून बसले.

तरी अंक घेऊन लोह्याला गेलेच. परत आल्यावर त्यांनी मला सांगितलं. आईनं पान बघितलं आणि तीच चित्रावर बोट ठेवून म्हणाली, "ही मीच हाय की. पिशवीवर पाय दाबून, तुझी वाट बघत अशीच बसते मी. तूच काढलंस हे लेकरा. मला इतकं बघितलंय कुणी दुसऱ्यानं?"