बांधावरून दिसणारे टोमॅटो

टोमॅटोच्या दोन विषाणूंना वेगळं ओळखण्यात माझी उमेदीची वर्षं गेली. दोघं सख्ख्या भावांसारखे. टोमॅटोच्या पानावर दोघांचे चट्टे सारखेच, फिकट-गडद. म्हणून रोगट पान वाटायचं आणि तो रस एका रानटी तंबाखूच्या पानांवर चोळायचा. एक विषाणू झाडभर पसरतो, दुसरा चोळल्या जागी नुसते वाळके ठिपके उठवतो. ते उठेपर्यंत रोज जाऊन पाहायचं, सण असो की सुतक.

उस्मानपुऱ्यातली खोली आणि प्रयोगशाळेचं जाळीघर, एवढंच माझं औरंगाबाद. शेजारणी मला 'तंबाखूवाली बाई' म्हणत. सणाच्या दिवशी त्यांच्या घरांतून तळणाचा वास यायचा आणि मला फार एकटं वाटायचं.

वडिलांचं शेत फर्दापूरजवळ, आणि त्यात नेमका टोमॅटोच. या विषाणूंना पसरायला किडा-माशी लागत नाही. हाताला, कपड्याला चिकटून ते कुठंही जातात. त्यामुळे दिवाळीला गेले की मी बांधावरच उभी राहायची. कितीही हात धुतले, साडी बदलली, तरी माझा माझ्यावर भरवसा नव्हता.

वडील आतून हाक मारायचे, "बाई, ये की आत. शहरात राहून मातीची लाज वाटती व्हय?"

मी दरवेळी कारण सांगायची. एकदा ते म्हणाले, "दोन्हीनं झाड खराबच व्हतं ना? मग त्यांची नावं कशाला निवडत बसती?"

"एकाला दाद न देणारं बियाणं दुसऱ्यापुढं हात टेकतं, बाबा. नाव चुकलं की सगळं मुसळ केरात."

ते पुन्हा खुरपायला लागले. मला वाटलं, यांच्या डोक्यावरून गेलं. शिकलेल्यांना असं वाटायची खोडच असते.

पुढच्या दिवाळीत ठिपके नेमके उठायला लागले होते, म्हणून मी गावी गेले नाही. त्यानंतरच्या वर्षी गेले आणि सवयीनं बांधावर थांबले. वडील पाटी घेऊन तोडणीला निघाले होते.

मी म्हटलं, "माल चांगला आलाय यंदा."

"व्हय. मागल्या साली टमाटे लावलेच नाय. तूर केली व्हती."

"तूर? का?"

"तुरीला तुझा रोग लागत नाय ना. म्हटलं, बाई आत येईल."

ते पाटी घेऊन सरीत उतरले. मला त्यांच्यामागं जायचं होतं. मी बांधावरच उभी राहिले.