वेंडेल क्रॅबट्रीची दाढी

मिझुरीच्या दक्षिणेला, ओझार्कच्या टेकड्यांत, वेंडेल क्रॅबट्री विहिरींचे पंप दुरुस्त करायचा. पण गावात त्याला पंपवाला कुणी म्हणत नसे. वेंडेल म्हणजे येशू. गावामागच्या उतारावर दर उन्हाळ्यात प्रभूच्या अखेरच्या आठवड्याचं नाटक व्हायचं. खरी गाढवं, खऱ्या मेंढ्या, आणि लांबलांबून बस भरभरून येणारी माणसं. वेंडेल उंच, डोळे खोल. तरुणपणीच त्याच्या अंगावर तो पांढरा झगा चढला आणि उतरायचं नाव घेईना. दाढी बारा महिने राखावी लागे. तो खानावळीत शिरला की शिव्या देणारे जीभ चावत. सिगरेट ओढायची तर शेडच्या मागे लपावं लागे.

"जेवताना असे हात पसरू नकोस," त्याची बायको नेव्हा म्हणायची. "मीठ हवंय ना? मग मीठ दे म्हण."

निवडणुकीच्या वर्षी डेल पिकरेल त्याच्या शेडवर आला. हा ट्रॅक्टर विकणारा, वेंडेलच्याच चर्चमधला, पुढच्या बाकावर बसणारा. राज्याच्या सेनेटसाठी उभा होता.

"शनिवारी जत्रेच्या मैदानावर सभा आहे. झग्यात ये. बोलायचं काही नाही, नुसतं उभं राहायचं."

"कशाला?"

"लोकांना बरं वाटतं रे! आणि तू आपल्याच बाजूचा ना?"

तो होताच. जन्मभर त्यानं पिकरेलच्याच पक्षाला मत दिलं होतं. नाही म्हणायला कारण सापडेना, म्हणून तो हो म्हणाला.

"त्याला तू हवायस की झगा?" नेव्हानं विचारलं.

"झग्यात मीच असतो ना?"

"मग पँट-शर्टात जा की."

तो झग्यातच गेला. मैदानावर मांस भाजल्याचा धूर होता. गिटारच्या तालावर भजनं चालली होती, पोरीबाळींच्या अंगात क्रूस आणि झेंडा एकत्र छापलेले शर्ट होते. पिकरेल शाळेतल्या प्रार्थनेबद्दल बोलला, बंदुकांबद्दल बोलला. मग एकाएकी त्यानं डोक्यावरची हॅट काढली, वळला, आणि वेंडेलपुढे गुडघा टेकून मान खाली घातली.

हे आधी कुणीच सांगितलं नव्हतं. नाटकात रोज संध्याकाळी एक कुष्ठरोगी असाच पुढ्यात बसायचा आणि वेंडेल त्याच्या डोक्यावर हात ठेवायचा. इतक्या वर्षांची सवय. हात आपोआप गेला. मैदान उभं राहिलं. कुणी रडलं, कुणी ओरडलं, आणि कॅमेरे लखलखले.

आठवडाभरात हमरस्त्याला मोठा बोर्ड लागला. पांढरी बाही, अर्धी दाढी, पिकरेलचं वाकलेलं डोकं आणि त्यावर तो हात. खाली लिहिलं होतं, 'मी फक्त इथेच वाकतो.' चर्चच्या पाळकांनी वेंडेलची पाठ थोपटली. पेट्रोल पंपावर एका अनोळखी माणसानं टोमणा मारला, "काय देवा, मतदार यादीत नाव घातलंस का?" कामाला जाताना वेंडेल लांबच्या रस्त्यानं जाऊ लागला.

इमोजीन टटल बाईंचा पंप बिघडला तेव्हा मात्र तोंड चुकवता आलं नाही. लहानपणी चर्चच्या रविवारच्या शाळेत त्याला बायबल शिकवलेल्या या बाई.

"बोर्ड बघितला," त्या म्हणाल्या.

"बाई, तो एकदम वाकला. माझा हात..."

"तुला मी ओळखते, पोरा. सारवासारव नको करूस. एवढंच सांग, मी काही पिकरेलला मत देणार नाही. मग त्या हाताखाली मला जागा आहे की नाही?"

पाना त्याच्या हातातून निसटून चिखलात पडला. तो उचलण्याच्या निमित्तानं वेंडेल बराच वेळ खाली वाकून राहिला.

त्या संध्याकाळी खेळात कुष्ठरोगी पुढे आला आणि वेंडेलचा हात अर्ध्यातच थांबला. "अरे, बरा कर ना मला," तो खालून कुजबुजला, "गुडघे दुखायला लागले!"

दुसऱ्या दिवशी वेंडेल पिकरेलच्या दुकानात गेला. "तो बोर्ड काढ."

"त्यावर तुझं नाव आहे का?" पिकरेलनं त्याच्यासाठी कॉफी ओतली. "लोकांना त्यात वेंडेल दिसत नाही, गड्या. प्रभू दिसतो. आता प्रभूची परवानगी मी तुझ्याकडे मागायची?" तो हसला. त्यात कुजकेपणा नव्हता, म्हणून ते आणखी लागलं. कॉफी तशीच ठेवून वेंडेल घरी आला, आणि आरशासमोर उभं राहून त्यानं आधी कात्री, मग वस्तरा चालवला.

नेव्हा दारात येऊन थबकली. "अगं बाई! हनुवटी अगदी तुझ्या बापाची आहे रे." मग हळूच म्हणाली, "आज खेळ आहे."

"माहीत आहे."

नाटकवाले संतापले. चिकटवलेली दाढी घामानं सुटली. शेवटी ते काम शाळेच्या फुटबॉल प्रशिक्षकाला मिळालं. त्यानं ते छान केलं, आणि ते छान झालं याचाच वेंडेलला राग आला. पिकरेल निवडून आला. दाढी काढल्यानं काही फरक पडला नाही. बोर्ड हिवाळ्यातल्या वाऱ्यानं फाटेपर्यंत तसाच राहिला.

पुढच्या उन्हाळ्यात वेंडेल आपणहून नाटकवाल्यांकडे गेला. त्यांनी त्याला गर्दीत घातलं. येशूचा न्याय करणाऱ्या सुभेदार पिलातापुढे जमायचं आणि प्रभूला मारा म्हणून ओरडायचं. सुरुवातीला तो नुसते ओठ हलवायचा. पण एका संध्याकाळी खांद्याला खांदा लागलेला, पुढचे-मागचे सगळे ओरडत असलेले, आणि त्याला स्वतःचा आवाज ऐकू आला. सगळ्यांपेक्षा मोठा.

घरी आल्यावर त्यानं ताट दूर सारलं.

"काय झालं?"

"नेव्हा, मला ते जमतं. अगदी सहज."

"अरे, अभिनयच तो."

"मैदानावरचाही अभिनयच होता."

नेव्हा उठली. तिनं ताट झाकून ठेवलं.

तरी त्यानं गर्दी सोडली नाही. अजून दर उन्हाळ्यात तो तिथे उभा राहून ओरडतो. खेळ सुटला की फाटकापाशी थांबतो आणि बसकडे जाणाऱ्या माणसांचे चेहरे एकेक करून निरखतो, कुणाला त्या ओरडणाऱ्या गर्दीत स्वतःचा चेहरा दिसला का ते शोधत. कुणी रडत असतं, कुणी सरबताचा पेला शोधत असतं. त्याला कुणी ओळखत नाही. शेवटची बस गेली तरी त्याचा पाय तिथून निघत नाही.