काकीचा गुलाबी तांदूळ

माझी निर्मलाकाकी चोरखमारा तलावाच्या पाण्यावर चिन्नोर तांदूळ पिकवते अन् कम्प्युटरसमोर बसून विकते. व्हिडिओ कॉल असला की केशरी साडीच नेसायची, कारण म्हणे त्या साडीत तांदूळ पांढराशुभ्र दिसतो, बाकीच्यांत नाही. आम्ही लय हसायचो. पण खरंच दिसायचा यार, समोर एकच रंग जास्त आला की वेबकॅम आपोआप बाकीचे रंग फिरवतो ना.

परवा पुण्याचे एक दुकानदार तांदूळ बघणार होते, आवडला तर वर्षभर काकीचाच माल. अन् केशरी साडी ओली, दोरीवर. काकी हिरवी नेसून बसली, मी कॅमेरा लावला तर ताटातला तांदूळ गुलाबी. मी हसून हसून खालीच बसले.

"टीने, दात काऊन काढून राहिली? नीट कर ते."

मी ऑटो बंद केलं, पांढरा कागद धरून रंग जमवले, सगळी सेटिंग 'काकी' नावानं सेव्ह केली. एकदम चकाचक. कॉल लागला, दुकानदार म्हणाले, "छान दिसतोय," अन् गावातली लाईट गेली. परत आली तेव्हा कम्प्युटर पुन्हा ऑटोवर गेला होता अन् मी घाईघाईत आधी कॉलच जोडला. तांदूळ पुन्हा गुलाबी. धडपडत 'काकी'वर क्लिक केलं, झटक्यात पांढरा.

दुकानदार म्हणाले, "ताई, तुम्ही रंग बदलून दाखवताय का?"

काकी उठून आत गेली. मला वाटलं रडाले गेली, मलाच रडू येऊन राहिलं होतं. ती दुधाची वाटी घेऊन आली अन् तांदळाशेजारी ठेवली.

"टीने, बिघडव आता."

मी ऑटो चालू केलं. तांदूळ गुलाबी, दूधही गुलाबी.

"भाऊ, असं दूध देणारी म्हैस पाह्यली का कुठं? टीने, आण परत."

क्लिक. दूध पांढरं, तांदूळ त्याहून जरासा पिवळट, जसा असते तसा.

दुकानदार इतके हसले की त्यांचाच फोन हलून राहिला. बायकोला हाक मारली, "पुन्हा एकदा करा ना." मी किती वेळा केलं काय माहीत, गुलाबी, पांढरं, गुलाबी, पांढरं.

"तमाशा झाला असंल तर तांदळाचं बोला," काकी म्हणाली.

"पहिली पोती कधी पाठवताय?"

"उद्या," म्हणाली, अन् कॅमेऱ्यासमोरच वाटी तोंडाला लावून सगळं दूध पिऊन टाकलं.