सहाव्या दिवसाचं पान

कानडे सर गेल्याचा मेसेज आला तेव्हा मी मानपूरच्या पुढे एका ढाब्यावर टाइल्सच्या जाहिरातीचं शूटिंग करत होते. जुन्या विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर भराभर जोडलेले हात पडले आणि त्यांच्या मधोमध कुणीतरी सुप्रभातचं गुलाबही पाठवलं. मी फोन पालथा ठेवला आणि पुढचा शॉट घेतला. रडू आलं नाही. खरं सांगायचं तर इतकी वर्षं त्या माणसाचा राग राग करून मलाच कंटाळा आला होता.

पुढच्या रविवारी इंदूरला शोकसभा झाली. सरांचे दिग्दर्शक होऊन नावाजलेले विद्यार्थी मुंबईहून आले होते. एकेक जण उठायचा आणि तेच वाक्य म्हणायचा, "सरांनी मला पाहायला शिकवलं." त्यांतल्या एकाच्या मालिकेत सासू एका धक्क्याला तीनदा मान वळवते. हे पाहणं कुठल्या तासाला शिकवलं होतं, ते मला आठवेना. दुसरा बोलत होता तेव्हा पहिला मान खाली घालून फोन बघत होता. सरांनी स्वतः आयुष्यात एकही फिल्म पुरी केली नाही, हा विषय मात्र कुणी काढला नाही... मीही नाही. मी तर चहा घेऊन निघून आले.

ज्यांनी सरांना पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगते. नव्वदच्या दशकाची सुरुवात होती. बाजारात परदेशी टीव्ही येत होते आणि इंदूरच्या कापड मिल एकेक करून बंद पडत होत्या. सर एका नमकीनच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत फिल्मचा वर्ग चालवत. खाली पाटी अशी, की वर मोठा स्टुडिओ असावा. वर होता लसूण शेवेचा वास, आम्ही आठ-दहा जण आणि एकुलता एक व्हिडिओ कॅमेरा. तो लोखंडी कपाटात बंद असे आणि कपाटाची किल्ली सरांच्या जानव्याला. दिवसभर क्रांतीच्या गप्पा मारणाऱ्या या गृहस्थांना जानव्याचा उपयोग तेवढाच. त्यांचा नियम असा, की ज्या जागेवर फिल्म काढायची तिथे आधी सात दिवस नुसतं बसायचं, दिसेल ते वहीत लिहायचं आणि मगच कॅमेरा मागायचा. रोजच्या पानाखाली सर लाल पेनाने शेरा मारत, 'पाहिलं नाही.' सगळ्यांना तोच. दुसरा शेरा त्यांना येत असावा असं वाटत नाही.

मी मिलचं गेट निवडलं. माझे बाबा तिथे टाइमकीपर होते. पाळीचा भोंगा त्यांच्या हातून वाजायचा आणि आमच्या मोहल्ल्यातली घड्याळं त्यावर लागायची. नात्यातल्या माणसावर फिल्म काढायची नाही, असा सरांचा आणखी एक नियम होता. म्हणून मी हे नातं लपवलं आणि वहीत बाबांना नुसतं 'टाइमकीपर' म्हटलं. पाचव्या दिवशी गेटवर कागद लागला, उद्याची दुपारची पाळी शेवटची. मी धावत वर्गावर गेले.

"सर, उद्या मिल बंद होऊन राहिली आहे. आज कॅमेरा द्या ना."

"किती दिवस झाले, वंदनाजी?" हा 'जी' ते टोचण्यासाठीच लावत.

"पाच."

"सात झाले की या."

"सर, परवा तिथे काहीच नसेल!"

"मग ते नसणं काढा."

बाकीच्यांनी लगेच ते वाक्य वहीत उतरवून घेतलं. मी माझी वही सरांच्या टेबलावर आपटली आणि जिना उतरले, तो कायमचा. मोठं वाक्य बोलायला मिळावं म्हणून हा माणूस एक अख्खी मिल हातची घालवू शकतो, एवढं मला त्या दिवशी कळलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबांनी इस्त्रीचा शर्ट घातला, केसांना तेल लावलं. फिल्मचं त्यांनी आधीच दोस्तांना सांगून ठेवलं होतं. "मतलब, मी उभा कुठे राहू गं? गेटच्या डाव्या हाताला की उजव्या? तुला धूप कोणत्या बाजूने पाहिजे?"

"तुम्ही बाहेर या, मी बघते," मी म्हटलं. कॅमेरा मिळाला नाही, हे सांगायला जीभ रेटेना. दुपारी मी खजराण्याला जाऊन गणपतीच्या देवळाच्या आवारात बसले, कारण तिथवर भोंगा ऐकू येत नव्हता. संध्याकाळी बाबा घरी आले, शर्ट काढून त्याची नीट घडी घातली आणि चहा मागितला. मला काहीच विचारलं नाही. पुढे काही वर्षांनी ते गेले, तोवरही कधी विचारलं नाही... आणि मी सगळा दोष सरांच्या नावावर टाकून मोकळी झाले.

शोकसभेनंतर आठवड्याभराने सरांच्या पत्नीचा फोन आला. "वंदना, कपाट रिकामं करून राहिलेय बेटा. तुझी वही निघाली. घेऊन जा, नाही तर रद्दीत जाईल."

गेले. कपाट उघडं होतं, कॅमेरा आपल्या बॅगेत तसाच. वहीत माझी पाच पानं, पाचांखाली तोच शेरा. सहावं पान माझं नव्हतं. लाल पेनातलं सरांचं अक्षर होतं.

'दिवस सहावा. वंदना गैरहजर. भोंगा नेहमीपेक्षा बराच लांबला. टाइमकीपर शेवटी बाहेर आले. इस्त्रीचा शर्ट. गेटच्या डावीकडे उभे राहिले, मग सूर्याकडे पाहून उजवीकडे सरकले. दोनदा केस सारखे केले. सगळे गेले तरी तासभर तसेच उभे. कशासाठी, ते कळलं नाही.'

म्हणजे हा माणूस गेला होता. किल्ली गळ्यात घालून, कॅमेरा कपाटात ठेवून, स्वतःचाच नियम पाळत तासभर माझ्या बापासमोर उभा राहिला होता. एवढं बारकाईने पाहिलं आणि कळलं नाही! टेबलावर त्यांचंच लाल पेन होतं. त्यांच्या शेवटच्या ओळीखाली त्यांचाच शेरा मारायचा म्हणून मी ते उचललं, टोपण काढलं... आणि पानाची पहिली ओळ पुन्हा दिसली.

वंदना गैरहजर.

मी टोपण लावलं आणि पेन होतं तिथे ठेवून दिलं.