मोहोळकर साहेबांचा मेजर

घणसोलीच्या नव्या इमारतीत राहायला आल्यावर अरविंद मोहोळकरांनी दाराला पाटी ठोकली. नावाखाली हुद्दा ठसठशीत होता आणि 'निवृत्त' हा शब्द चष्मा लावून शोधावा लागेल एवढा. सगळी नोकरी कुटुंब नियोजनाच्या प्रचारात गेलेली. जीपवर भोंगा बांधून त्यांनी ठाणे-बेलापूर रस्त्यालगतची गावं पालथी घातली होती आणि त्यांचा आवाज अजून भोंग्याच्याच मापाचा होता. जिन्यात ते शेजाऱ्याला हळूच विचारत, "दूध आलं का?", आणि तिसऱ्या मजल्यावरून लोक पातेली घेऊन खाली येत.

घरात ते, इंदुमतीबाई आणि मेजर. मेजर म्हणजे पांढराशुभ्र पॉमेरियन, शेपूट झुबकेदार, चाल फौजदाराची. सकाळ-संध्याकाळ साहेब त्याला सोसायटीच्या गेटबाहेर सोडत. "जा मेजर, मोकळा फिरून ये!" मेजर मोकळा फिरायचा तो नेमका पलीकडच्या तळवली गावात. वर्ष-दोन वर्षांत तळवलीच्या गल्ल्यांतून अंगानं गावठी पण शेपटीनं झुबकेदार अशी पिल्लं हिंडायला लागली. गावातली पोरं त्यांना 'साहेबांची नातवंडं' म्हणायची. त्यातली बरीचशी मोठ्या रस्त्यावर ट्रकखाली जायची, उरलेली खरजेनं मरायची.

वाशीच्या जनावरांच्या डॉक्टरनं लस टोचताना दोनदा सुचवलं होतं, "काका, नसबंदी करून टाकू. साधं ऑपरेशन आहे."

"डॉक्टर, मुकं जनावर आहे हो ते! त्याचं पुरुषपण काढून घ्यायचं? कुठल्या तोंडानं?"

हे इंदुमतीबाईंना कळलं तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, "जन्मभर दुसरं काय केलंत?"

"ते देशासाठी!"

एका रविवारी दारात गोटीराम उभा राहिला. पांढरा शर्ट, गळ्यात चेन, बाहेर त्याचा स्वतःचा टेम्पो. सिडकोत जमीन गेली तशी शेती सुटली. आता दोन टेम्पो आणि भाड्याच्या खोल्या होत्या.

"वलकलात नाय ना साहेब? मी तलवलीचा गोटीराम."

साहेबांनी ओळखल्यासारखा चेहरा केला. गोटीराम खुर्चीच्या कडेवर टेकला.

"आमची चांदी परत व्याली साहेब. तुमच्या मेजरचीच पिल्ला. त्यातली दोन काल रस्त्यावर चिरडली. आमची नात गोजरा रडून रडून जेवली नाय."

"मग तुमच्या कुत्रीचं ऑपरेशन करून घ्या! पिल्लं तिला होतात, मेजरला नाही."

"तिचा तं करनारच हाय. पन गावान काय येकच कुत्री हाय का? लोकांना सांगाला गेलो तं बोलतान, पाप लागंल. म्हनून तुमच्याकरं आलो. तुमी मेजरचा पयला करा. मंग मी गावाला सांगतो, साहेबांनी पयला आपल्या घरान केला. तवासारखा."

"तेव्हासारखं म्हणजे?"

गोटीराम उठूनच उभा राहिला. छाती काढली, मांडीवर थाप मारली आणि त्याच्या तोंडून मोहोळकर साहेबांचा वीस वर्षांपूर्वीचा आवाज निघाला, हेल आणि खाकरा यांच्यासकट: "घाबरू नका, बंधूंनो! मुंगी चावल्यासारखं होतं! माझ्याकडे बघा! मी स्वतः करून घेतलंय! दिसतंय का काही कमी?" मग स्वतःच्या आवाजात, हसत म्हणाला, "आख्खा गाव पलत होता साहेब. मी नाय पललो. बोललो, यवरा शिकलेला मानूस सोता करून घेतय, तं आपन कोन लागून गेलो? पयला मीच जीपमदी बसलो. लोक हसली मना. आजून हसतान. पन मी सांगतो, साहेबांनीपन केलंय."

साहेबांचे कान तापले. ते वाक्य त्यांनी गावागावांत म्हटलं होतं. भोंगा सुरू झाला की नाही हे बघायला 'हॅलो हॅलो' म्हणावं, तसं ते तोंडात बसलं होतं. कुणीतरी त्यावर विश्वास ठेवून जीपमध्ये चढलं असेल, हे त्यांच्या मनातही कधी आलं नव्हतं.

तेवढ्यात इंदुमतीबाई चहा घेऊन आल्या. शेवटचं वाक्य त्यांच्या कानावर पडलं होतं.

"कुणी केलंय? यांनी?" त्या खळखळून हसल्या. "अहो, यांना नुसती सुई दिसली तरी घाम फुटतो! माझं झालं ऑपरेशन, धाकट्याच्या पाठीवर. यांचं कुठलं!"

मग त्यांना नवऱ्याचा चेहरा दिसला आणि त्या ट्रे धरून तशाच उभ्या राहिल्या.

गोटीराम बसला. ट्रेमधला कप उचलला, बशीत चहा ओतला, फुंकर मारली, प्यायला. बशी खाली ठेवली.

"बरं," तो म्हणाला. "मंग कुत्र्याचा तरी करा साहेब."

आवाजात टोमणा नव्हता. तो चपला घालून जिना उतरला, तरी साहेब खुर्चीतून उठले नाहीत.

"गावोगाव असं सांगत होतात?" इंदुमतीबाईंनी विचारलं. "मी घरी टाके धरून मोरीपर्यंत जात होते, आणि तुम्ही तिकडे मांडीवर थाप मारत होतात?"

"हो." हा आवाज जिन्यातसुद्धा ऐकू गेला नसता.

मेजरला त्यांनी दोन-चार दिवस साखळीनंच फिरवलं. तळवलीचा रस्ता आला की उलटे वळत. गावातल्या कुणी नुसता नमस्कार केला तरी वाटायचं, याला कळलं. शेवटी एका सकाळी त्यांनी मेजरला काखोटीला मारलं आणि गावात गेले.

मारुतीच्या देवळापुढे गोटीराम चार म्हाताऱ्यांत बसला होता.

"गोटीराम, वाशीला जायचंय. टेम्पो मिळेल?"

"मिलंल ना! चांदीपन घेतो." तो म्हाताऱ्यांकडे वळला. "बगा, साहेब आले. सोताच्या कुत्र्याचा पयला करतान."

इथवर सगळं गोटीरामनं झाकून घेतलं होतं. साहेबांना नुसतं टेम्पोत बसायचं होतं. मेजर त्यांच्या बगलेत धापा टाकत होता.

"आणि ते तेव्हाचं…" साहेब म्हणाले. "मी स्वतः केलं म्हणालो होतो. केलेलं नव्हतं."

"काय बोलला?" वामनबाबा नावाच्या म्हाताऱ्यानं कानाला हात लावला. "आयकू नाय आला. मोठ्यान बोला ना, तुमचा तं कवरा मोठा आवाज होता!"

साहेबांनी गोटीरामकडे पाहिलं. गोटीराम टेम्पोची किल्ली बोटात फिरवत जमिनीकडे बघत होता.

"मी खोटं बोललो होतो!" साहेब ओरडले. आवाज पार विहिरीपर्यंत गेला. पाणी भरणाऱ्या बायकांनी माना वळवल्या. "माझं ऑपरेशन झालेलं नाही! गोटीरामचं झालं, ते माझ्या थापेवर!"

वामनबाबा फिस्सकन हसला. "आयला! मंग आपला गोट्या फुकट गेला!" बाकीचेही हसले. गोटीराम हसला नाही. तो चांदीला आणायला घरी गेला.

दुपारी टेम्पो वाशीहून परत निघाला. दोन्ही कुत्री गुंगीत होती, जिभा बाहेर, पोटाखाली पट्ट्या. मागे गोणपाट अंथरून साहेब बसले होते, एका मांडीवर मेजरचं डोकं आणि दुसऱ्या मांडीवर चांदीचं. पुढे गोटीराम टेम्पो चालवत होता, त्याच्या शेजारची सीट रिकामी होती. गोटीराम 'पुढं बसा' म्हणाला नव्हता, आणि साहेबांनीही विचारलं नव्हतं.