उशाशी तांब्या-पेला

कंधारच्या स्टँडवर लातूरची गाडी लागली तेव्हा माय माझ्याशी बोलत नव्हती. बॅग मात्र तिनंच भरली होती. कपड्यांच्या वर तांब्या, पेला अन् एक वाटी, जुन्या लुगड्याच्या फडक्यात बांधून. गाडी हलली तशी खिडकीचा गज धरून चार पावलं चालली अन् म्हणाली, "उशाशी ठेव. तांब्या पालथा, त्याच्यावर पेला, त्याच्यावर वाटी. वाजलं की पळायचं. चप्पल हुडकत बसू नको."

माझी दहावी झाली होती. लातूरच्या एका कॉलेजनं उन्हाळी विज्ञान शिबिर काढलं होतं, पुढं सायन्सला जाऊ म्हणणाऱ्या पोरांसाठी. तीन आठवडे, हॉस्टेलात राहून. माझे वडील, अण्णा, शाळेत मास्तर. त्यांनी मायला न विचारता माझं नाव देऊन टाकलं, अन् घरात महाभारत.

कारण आदल्या वर्षी भूकंप झाला होता. आमच्या भिंतींना नुसत्या भेगा गेल्या, पण किल्लारीकडं मायच्या धाकट्या बहिणीचं घर माती-लाकडाच्या माळवदासकट खाली बसलं. मावशी त्यात गेली. तेव्हापासून मायनं छपराखाली पाठ टेकली नव्हती. स्वयंपाक आत, निजणं अंगणात. पाऊस आलाच तर ताडपत्री. अन् तिची लेक निघाली लातूरला, स्लॅबच्या हॉस्टेलात! "मरणाच्या दारात पोरगी धाडून ऱ्हायलात तुम्ही," ती अण्णांना म्हणाली. शेवटी तोड निघाली. शिबिर करायचं, पण अकरावी-बारावी कंधारातच. लातूरला राहून शिकायचं नावसुद्धा काढायचं न्हाई. मी मान डोलावली. मनात म्हटलं, आधी जाऊ तर दे.

खोलीत आम्ही चौघी. उमरीची, हिमायतनगरची, उदगीरची अन् मी. त्या तिघींचं डॉक्टर व्हायचं आईच्या पोटातच ठरलेलं होतं. पहिल्याच दुपारी रस्त्यानं खडीचा ट्रक गेला अन् माझी वाटी खणकन फरशीवर पडली. मी अनवाणी धूम ठोकली. माझ्यामागं त्या तिघी, त्यांच्यामागं अख्खं हॉस्टेल, कुणाच्या हातात अर्धी पोळी. मग काय विचारता! मी दिसले की पोरी ओरडायच्या, "भांडेवाली आली, पळा गं!"

भौतिकशास्त्राच्या मॅडम तेवढ्या हसल्या नाहीत. पायरीवर माझ्याशेजारी बसल्या अन् म्हणाल्या, "वाटी ट्रकनं पडली का भूकंपानं, हे कसं ओळखशील गं?" असं झोंबलं म्हणून सांगू! त्यातच माझे उरलेले दिवस गेले. प्रयोगशाळेच्या छताला हूक होता. त्याला तारेनं वीट टांगली, विटेला स्केचपेन बांधलं, खाली टेबलावर कागदाची पट्टी हळूहळू ओढायची. जमीन हलली की टेबल हलतं, कागद हलतो, जड वीट मात्र जागची सरकायला वेळ घेते. मग पेनची रेघ वाकडी होते. ट्रक गेला की बारीक बारीक काटे, दार आपटलं की एकच हिसका. वाटीला जे कळत नव्हतं ते त्या रेघेत दिसत होतं. मला भूकच लागेना झाली. पुढं हेच करायचं, डॉक्टर-बिक्टर काही नाही, हे मी तिथंच ठरवलं. पण त्यासाठी लातूर सुटून चालणार नव्हतं.

शेवटच्या दिवशी पोरांनी केलेलं बघायला आईबाप आले. माय आली, अन् आवारातल्या लिंबाखाली उभी राहिली. "मी हितूनच बघते." तिथून दिसणार काय, कपाळ? वीट छताला टांगलेली, बाहेर आणता येईना. अण्णांनी सांगून बघितलं, मॅडमनी सांगून बघितलं. माय हलेना. मला आधी राग आला, मग रडू यायला लागलं. तशीच खोलीवर गेले, फडकं आणलं, अन् विटेच्या शेजारी मांडलं. तांब्या पालथा, पेला, वाटी. दारात येऊन म्हटलं, "माय, हे वाजलं की दोघी पळू. चप्पल बी हुडकायची न्हाई."

तिनं स्लॅबकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, पदर घट्ट धरला अन् आत आली. माझं मनगट तिनं असं आवळलं होतं की वळ उठले. मी पाय आपटला, रेघ थरथरली. तिनं त्या रेघेवर बोट ठेवलं.

"हे तुझ्या मावशीच्या घरी असतं, तर तिला आधी कळलं असतं का?"

खोटं बोलायची फार इच्छा झाली. "न्हाई माय. आधी कुणालाच कळत न्हाई अजून."

"अजून म्हणलीस न्हवं?" ती म्हणाली. "मग शीक. ऱ्हा लातूरला."

आता लातूर-नांदेडात गल्लोगल्ली क्लास झालेत, फलकांवर पोरांचे फोटो. त्या तिघी खरंच डॉक्टर झाल्या. मी जपानात आले. माझी अख्खी लॅब जमिनीवर कान ठेवून बसलेली असते. फ्लॅट झोके खातो अन् लोक चहा पीत राहतात. मोबाइल ओरडतो, तेही धक्का सुरू झाल्यावर, तो आपल्यापर्यंत पोचायच्या काही क्षण आधी. मायला सांगितलं तर म्हणाली, "म्हणजे तांब्याच की गं!" तिकडं मराठवाड्यात राहिलेले तुम्ही अन् माझ्यासारखे निघून गेलेले, आपण सगळे फोनवर जेवलीस का, एवढंच विचारतो. माझी माय विचारते, "कळलं का काही?" मी म्हणते, "न्हाई माय, अजून न्हाई."

अण्णा गेले. घरावर नवा स्लॅब टाकला. माय अजूनही अंगणातच निजते, शेजारच्या बाया सांगतात. फक्त मी सुट्टीला गेले की गादी उचलून आत येते अन् माझ्या शेजारी टाकते. तांब्या-पेला नसतो. गेल्या खेपेला मी म्हटलं, "माय, मला आधी कळणार न्हाई, तुला ठाऊक हाय न्हवं?"

"हाव, ठाऊक हाय," म्हणाली, अन् माझ्या अंगावर पांघरूण ओढून छपराखाली निजली.